गरीनं धरलेले मासे साफ कुठं करायचे? घाटावर २५१ रुपये भरून आलो

गरीबहाद्दर (रविवार, रात्री ९.४०)

राम राम मंडळी. थोडं लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय माझी चूक कुठं आणि गावाची कुठं ते तुम्हाला कळायचं नाही.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यात एका धान गिरणीत फिटर आहे. सहा दिवस पट्टे, बेअरिंग आणि भुसा, सातव्या दिवशी गरी. पश्चिमेकडच्या मंडळींसाठी सांगतो, गरी म्हणजे बांबूची काठी, तंगूस (नायलॉनचा धागा), तरंगायला भेंडाचा तुकडा आणि खाली काटा. केचवे (गांडुळं) मी गिरणीच्या मोरीमागून काढतो. जागा विचारू नका, सांगणार नाही.

आज ज्या तलावावर गेलो तो मामा तलाव आहे. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही. मच्छीमार संस्थेच्या माणसाकडून ५० रुपयांची चिठ्ठी फाडली, दोन गऱ्यांची. चोरून गेलो नव्हतो हे आधीच लिहून ठेवतो, कारण कोणीतरी ते म्हणणारच. दुपारी दोनपर्यंत पावणेदोन किलोचा एक रोहू, दोन मरळ आणि चार शिंगूर. माझ्यासाठी म्हणजे दुसरी दिवाळीच.

घर २८ किलोमीटर. थंडी सुरू झाली असली तरी आपल्याकडचं दुपारचं ऊन ते ऊनच, आणि रोहूचं पोट फार लवकर नरमतं. आतडं आत राहिलं की संध्याकाळपर्यंत बरगडीकडचं मांस सुटायला लागतं. म्हणून घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसलो. माझी सुरी हॅक्सॉच्या जुन्या पात्याची, मीच घासून केलेली, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. शेपटीकडून डोक्याकडं ओढली की खवले टपाटपा उडतात. काही माझ्या दाढीत, बाकीचे पाण्यावर तरंगत शेजारच्या पायरीला जाऊन चिकटत होते. पोट चिरलं, पित्ताची हिरवी पिशवी न फोडता काढली (त्यात माझा हात बसलेला आहे) आणि आतड्याचा गोळा दिला पाण्यात सोडून. लगेच बारकी मासळी तुटून पडली. माझा हिशोब सरळ होता. माशाचं माशानं खाल्लं, कोणाचं काय गेलं?

तेवढ्यात मागून आवाज आला. "का बा, तुह्या घरची मोरी होय का हे?"

एक डोकरी, कमरेवर पाण्याचा गुंड. मी म्हटलं, माय, पाच मिनिटं, झालंच. ती हललीच नाही. गुंड खाली ठेवला नाही, पाणी भरलं नाही, बोललीही नाही पुढं. नुसती उभी. त्या उभं राहण्यानं माझे हात चालेनात. मग तीन पोट्टे मोटारसायकलवर आले. म्हणे घाटावर मासा साफ करायचा नाही, गावाचा नियम आहे, २५१ रुपये काढा. मी विचारलं, कुठं लिहिलाय? एकानं पाण्याच्या टाकीकडं बोट केलं. टाकीवर 'पाणी हेच जीवन' लिहिलेलं होतं आणि खाली सिमेंटची जाहिरात. भरले पैसे. मी एकटा, आणि रोहूचे खवले अर्ध्या अंगावरचेच निघालेले. पावती मिळाली नाही.

आता मला सांगा. खरंच असा काही नियम आहे का? सरकारचा, पंचायतीचा, मच्छीमार संस्थेचा, कोणाचाही? चिठ्ठीच्या मागं 'जाळे टाकू नये' आणि 'बोटाएवढा मासा सोडून द्यावा' एवढंच छापलंय. आणि नियम असेल तर तसा असेल, पण मग माझ्यासारख्या हौशी माणसानं मासे साफ करायचे कुठं? घरी नेले तर मोरी तुंबते आणि बायको शिंगराला हात लावत नाही.

तुडूमवाला (रविवार, रात्री १०.२५)

भाऊ, मी धीवर समाजाचा, आमच्या संस्थेकडं दोन तलाव आहेत. तुमचं पोस्ट वाचून हसलोही आणि चिडलोही.

पहिली गोष्ट. संस्थेला ठेका मिळतो तो माशाचा. पाण्याचा नाही मिळत. पाणी शेतकऱ्याचं, तुडूम (पाणी सोडायचं दार) उघडला की ते बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात जातं. घाट गावाचा. आमची चिठ्ठी तुम्हाला मासा धरायला दिली, पायरीवर बसायला ती आमच्या हातात होतीच कुठं? हे मामा तलाव कोहळी मालगुजारांनी बांधले तेव्हापासून हे असंच वाटून घेतलेलं आहे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, म्हणून 'माजी मालगुजारी', म्हणजे मामा. मालक बदलला, पण कोण कुठल्या काठाला काय करतो ते गावानं बदललं नाही. गुरं एका बाजूला, धुणं एका बाजूला, आमचे डोंगे एका बाजूला.

दुसरी गोष्ट तुमच्या हिशोबाची. माशाचं माशानं खाल्लं हे वाहत्या वैनगंगेत एक वेळ चालेल. आमचा तलाव एप्रिलमध्ये गुडघाभर राहतो. तुम्ही एक गोळा टाकला, दहा हौशी दहा गोळे टाकतील. बारकी मासळी खाते ती वरची चरबी. बाकीचं तळाला बसतं, सडतं, आणि सडताना पाण्यातली हवा ओढून घेतं. पहाटे साडेचारला येऊन बघा एखाद्या वर्षी. कटला, रोहू तोंड वर काढून आ-आ करतात. दिवस उगवेपर्यंत टिकले तर टिकले. त्यात आमचं बीज असतं, कर्ज काढून टाकलेलं. फक्त तुमच्या आतड्यानंच होतं असं म्हणत नाही, बेशरमाची झुडपं आहेत, गाळ आहे, खताचं पाणी उतरतं. पण भर कशाला?

तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. थंडीत मरळीच्या अंगावर लाल चट्टे येतात, मग खड्डे पडतात, बघवत नाही. हा रोग भारतात १९८८ मध्ये आला. बुरशीसारखा जीव असतो, पाण्यातून पसरतो. शिकलेले लोक ईयूएस म्हणतात, आम्ही लाल रोग म्हणतो. मरळ, डाडक, मृगळ यांना धरतो. आम्ही चुना मारतो, मत्स्य विभागवाले औषध सांगतात ते टाकतो. पण एका तलावातला मासा धरून दुसऱ्या तलावाच्या काठावर धुणारा हौशी आला की सगळ्यावर पाणी. तुमच्या डिक्कीत किती तलावांचं पाणी फिरत असतं, विचार करा.

आमच्याकडं साफ करायची जागा पाळीच्या (तलावाच्या बांधाच्या) बाहेरच्या अंगाला आहे, तुडुमापासून दूर, जिथून उतार ना तलावाकडं ना पाटाकडं. आमच्या बाया तिथंच करतात. तुम्ही विचारलं असतं तर आमच्या माणसानं दाखवली असती.

नाझर_निवृत्त (सोमवार, सकाळी ६.५०)

मी कोर्टात ३१ वर्षे कागद फिरवले, वकील नाही. तेवढं धरून वाचा.

'मासे येथे साफ करू नयेत' अशा शब्दांतला राज्याचा नियम मी पाहिलेला नाही. पण म्हणून मोकळीक आहे असं नाही. सार्वजनिक झरा किंवा जलाशय याचं पाणी जाणूनबुजून असं घाण करणं, की ज्या कामाला ते नेहमी वापरतात त्याला ते कमी योग्य राहील, हा गुन्हा आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत कलम २७७ होतं, ३ महिने किंवा ५०० रुपये दंड, किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तेच कलम २७९ झालं, आणि शिक्षा ६ महिन्यांपर्यंत किंवा ५,००० रुपयांपर्यंत, किंवा दोन्ही. 'ज्या कामाला नेहमी वापरतात' हे शब्द पाहा. त्या बाई गुंड घेऊन आल्या होत्या. पाणी कशाला वापरतात याचा पुरावा तुमच्यासमोर कमरेवर होता.

शिवाय १९७४ चा जलप्रदूषण कायदा. त्याच्या कलम २४ मध्ये प्रदूषण करणारी वस्तू पाण्याच्या प्रवाहात जाऊ देऊ नये असं आहे, आणि 'प्रवाह' या शब्दात नैसर्गिक काय नि माणसानं केलेला काय, दोन्ही प्रकारचे जलसाठे येतात. एका रोहूसाठी कोणी तुमच्यावर खटला भरणार नाही, पण 'कायदाच नाही' हे म्हणू नका.

आता तुमच्या बाजूचं. तीन पोट्ट्यांनी घेतलेले २५१ रुपये हा दंड नव्हे. पंचायतीचा ठराव असेल तर तो वहीत असतो, आणि पैसे घेतले की पावती फाडावी लागते. पावती नाही म्हणजे ती वर्गणी किंवा लूट, यातलं काय ते तुम्हीच ठरवा. ग्रामसेवकाला भेटा. भांडू नका, ठरावाची प्रत मागा. आणि एक, व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतल्या पाण्यात साफ करणं तर सोडाच, गरीही टाकू नका. तुमच्या तालुक्याला नवेगाव-नागझिरा लागून आहे, २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प. तिथं १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो आणि तिथला दंड २५१ नसतो.

घाटावरची (सोमवार, दुपारी १.१५)

सगळे पुरुष कायदा सांगून राहिले. मी घाट सांगते.

माझं सासर साकोलीकडं. आमच्याकडं नळ आहे, पण नळ येतो तेव्हा वीज नसते नि वीज असते तेव्हा नळ नसतो. धुणं, भांडी, गुरांचं पाणी, सगळं घाटावर. तुमचे खवले पायरीला चिकटतात ना, ते वाळतात आणि नखासारखे टोचतात. ते एक वेळ सोडा. दोन वर्षांपूर्वी कोणी हौशी शिंगूर साफ करून काटे तिथंच टाकून गेला. माझी धाकटी जाऊ अनवाणी उतरली, काटा टाचेत. शिंगराच्या काट्यात विष असतं हे तुम्हाला माहीत असेलच, गरीवाले आहात. पाय मांडीपर्यंत ठणकत होता, बाई ओरडत होती. माझ्या सासूनं पाणी तापवलं, सोसेल एवढं गरम, आणि तासभर पाय त्यात धरून ठेवला. ठणका उतरला तेव्हा ती झोपली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन. सोंगणीचे दिवस होते, सहा दिवसांची मजुरी गेली. तो हौशी कोण होता ते आम्हाला आजवर कळलं नाही. त्याला तर काही कळलंच नसेल.

आमच्या कुत्र्यानं एकदा आतड्यासोबत गरीचा काटाही गिळला होता. तंगूस तोंडातून लोंबत होता. ते पुढचं लिहीत नाही.

डोकरी नुसती उभी राहिली म्हणता ना भाऊ, मी असते तर गुंड फेकून मारला असता.

जावई_मिनेसोटात (सोमवार, रात्री ८.०५)

मूळचा पवनीचा, आता नागपूर. मुलगी अमेरिकेत असते, तिच्याकडं सात महिने राहिलो, जावयाला गळाचं वेड. तिथली पद्धत सांगतो, कामाची वाटली तर घ्या.

तलावाच्या काठाला, होड्या उतरवतात त्या जागेजवळ, एक टिनाची खोली. आत स्टीलचं टेबल, वर नळ, मधोमध भोक, खाली दळणयंत्र. मासा साफ करायचा, आतडं, डोकं, काटे भोकात ढकलायचे, बटण दाबायचं, घर्र, संपलं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला मिरची कांडप आठवलं. जिथं अशी खोली नाही तिथं पिशवीत बांधून घरच्या कचऱ्यात. पाण्यात टाकायचं नाही.

पण मला गंमत वाटली ती दुसऱ्या नियमाची. तिथं बऱ्याच ठिकाणी पाण्यावर असेपर्यंत मासा कापूच देत नाहीत. कारण घाणीचं नाही, मापाचं. अमुक जातीचा मासा अमुक इंचांपेक्षा लहान असला तर सोडावा लागतो. तुम्ही होडीतच तुकडे केले तर वनरक्षकासारखा जो माणूस येतो त्यानं मोजायचं काय? म्हणून डोकं आणि शेपटी शाबूत पाहिजे. जावई खिशात पट्टी ठेवतो. आपल्या चिठ्ठीवर 'बोटाएवढा' लिहिलंय, कोणाचं बोट ते लिहिलेलं नाही.

आणि तुडूमवाले म्हणाले ते तिथंही आहे. त्या मोठ्या पाच सरोवरांत २००५ मध्ये माशांचा एक विषाणू सापडला, तेव्हापासून बादलीतलं पाणी काठावरच ओतून रिकामं करायचं, दुसऱ्या तलावात न्यायचं नाही, अशी सक्ती. रोग वेगळा, वाट तीच.

कुरखेडा_पलीकडं (सोमवार, रात्री ११.३०)

आमच्या गावात हा प्रश्न ग्रामसभेत सुटला, फार लांबवत नाही. गडचिरोलीत पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा) आहे, राज्याचे नियम २०१४ चे, गावचं लहान पाणी ग्रामसभेच्या हाती. वनहक्क कायदा २००६ चा, त्यातही सामूहिक हक्कांत मासे धरलेले आहेत. आम्ही ठराव केला तो घाणीसाठी नाही केला. कुत्र्यांसाठी केला. बाहेरचे पोट्टे पार्टीला येत, तलावावर मासे साफ करत, तिथंच चूल, तिथंच झोप. उरलेल्यावर कुत्री जमू लागली. कुत्र्यांमागं बिबट. आता संध्याकाळी सहानंतर तलावाकडं बाईमाणूस जात नाही. मोहफुलाच्या दिवसांत अस्वल असतं ते वेगळंच.

खड्डा मांडीएवढा खोल, वर माती दाबून बोराटीची काटी. उथळ पुरलं तर रानडुक्कर रातोरात उकरतं.

गरीबहाद्दर (मंगळवार, रात्री १०.१०)

सगळं वाचलं. दोनदा वाचलं, घाटावरची ताईचं तीनदा. ताई, शिंगराचे काटे मी पायरीवर ठेवले होते की कागदात, हे मला आठवत नाही. आठवायचा प्रयत्न करून राहिलो दोन दिवसांपासून. मी कागदात ठेवतो सहसा. 'सहसा' लिहिताना बोट अडखळलं.

तुडूमवाले भाऊ, तुमचं पटलं, फक्त एका गोष्टीवर अडतो. हौशी माणसाला पाळीच्या बाहेरची जागा सांगणार कोण? चिठ्ठीवर एक ओळ छापली तर काय बिघडतं? 'साफ करायची जागा विचारून घ्यावी', बस.

आज गिरणीत डोकं लावलं. मरळ आणि शिंगूर हे हवेवर जगणारे मासे. पाण्याबाहेर ओलं ठेवलं की कित्येक तास मरत नाहीत. मग त्यांना तलावावर कापायचं कारणच काय? गिरणीत बारदाना चिक्कार. ओला बारदाना, त्यात मरळ, तोंड सुतळीनं बांधून डिक्कीत. घरी जिवंत पोचतील. रोहूचं तेवढं आतडं काढायचं, पाळीबाहेर, पुरायचं. खवले घरी.

आणि बुळबुळीसाठी भुशाची राख. आमच्या बॉयलरखाली ढिगानं पडते, काळी-करडी, हाताला रवाळ. मूठभर राख लावून शिंगूर बारदान्यावर दोनदा घासला की बुळबुळ सगळी निघते, मग पाण्याच्या दोन तांब्यांत काम होतं. आधी मी दगडावर घासायचो, त्याला घाटाचं अर्धं पाणी लागायचं.

नाझर साहेब, येत्या रविवारी जातो ग्रामसेवकाकडं. रविवारी तो भेटणार नाही हे मलाही माहीत आहे.

पीएचसी_ताई (बुधवार, सकाळी ७.३०)

विषय जरा बाजूचा आहे, पण तुम्ही पित्ताच्या पिशवीचं लिहिलंत म्हणून. ती फुटली की मांस कडू होतं म्हणून सगळे जपतात. पण आमच्याकडं काही म्हातारी माणसं ती मुद्दाम गिळतात, साखरेच्या आजाराला चांगली म्हणून. रोहू, कटल्याचं पित्त विषारी असतं. काही तासांत ओकाऱ्या, जुलाब, आणि दोन-तीन दिवसांत लघवी कमी होते, किडनी बंद पडायला लागते. शिजवूनही विष जात नाही. पिशवी आतड्यासोबत खड्ड्यात गेली पाहिजे. पाळीवर उघडी ठेवू नका, पोरं हिरवा फुगा म्हणून उचलतात.

नाझर_निवृत्त (बुधवार, सकाळी ८.००)

माझ्या चुलत्यांनी गिळली होती. वाचले. पण नागपूरला डायलिसिसवर होते, आणि गावात सगळ्यांना सांगितलं कावीळ झाली म्हणून.

गरीबहाद्दर (रविवार, रात्री ११.२०)

मंडळी, आजची हकीकत. हसायचं असेल तर आताच हसून घ्या.

त्याच तलावावर गेलो. चिठ्ठी फाडली, संस्थेच्या माणसाला आधी विचारलं. त्यानं पाळीवरून हात केला. बाहेरच्या अंगाला मोहाचं झाड, खाली सपाट दगड, त्याच्यावर सुऱ्यांच्या रेषाच रेषा. इतकी वर्षं जागा तिथंच होती. मी दहा वेळा त्या झाडाला गाडी टेकवून उभी केली असेल.

ग्रामसेवक अर्थातच नव्हता. पण त्या तिघांतला एक पोट्टा चहाच्या टपरीवर सापडला. ठरावाची प्रत मागितली तर तो आधी फुगला, मग म्हणाला, ठराव होईल, ग्रामसभा लागली नाही अजून. मग २५१? गेला नि पावतीपुस्तक घेऊन आला. मंडईच्या (दिवाळीनंतरच्या जत्रेच्या) नाटकाची वर्गणी! माझ्या नावाची पावती फाडली, मागच्या रविवारची तारीख टाकून. वर म्हणाला, "नाटकाले या जी, पुढची खुर्ची ठेवतो." नाझर साहेब, वर्गणी की लूट, तुम्ही म्हणालात मीच ठरवावं. नाटक बघून ठरवतो. झाडीपट्टीचं नाटक रात्री दहाला सुरू होऊन पहाटे संपतं, एवढ्यात माझे पैसे फिटतील बहुतेक.

आज रोहू एकच, सव्वा किलोचा, आणि एक मरळ, चांगली दांडगी, कोपरापर्यंत. मोहाखाली बसलो. खड्डा खणायला गिरणीतली सब्बल नेली होती. राख, बारदाना, कॅनमध्ये घरचं पाणी. पित्त, आतडं, कल्ले आत, माती, वर काटी. मान वर केली तर डोकरी उभी. तीच. गुंड नव्हता आज, हातात सरपणाची मोळी होती.

"आता समजलं?"

समजलं म्हटलं.

बसली दगडाच्या दुसऱ्या टोकाला. रोहूकडं बघत म्हणाली, "मुंडकं कोणाले देतं?" मुंडकं खरं तर आमच्या घरी मीच खातो, माझा जीव की प्राण. दिलं काढून, पळसाच्या पानात. तिनं राखेत बोट बुडवून बघितलं, नाकाशी नेलं. "गिरणीची होय ना? आणत जा. भांड्यालेही बरी." म्हणजे पुढच्या रविवारी राखेचं पोतं नेणं आलं.

आता खरी अडचण. मरळ ओल्या बारदान्यात २८ किलोमीटर जिवंत आली, एकदम ताजी. रात्री कोण साफ करणार म्हणून मोरीत बादलीत सोडली, वर परात, परातीवर पाटा. आत्ता दहा मिनिटांपूर्वी धाडकन आवाज. पाटा जमिनीवर, परात चुलीपाशी, आणि मरळ देवघराच्या उंबऱ्यावर. बायको उठली, लाईट लावला, मला बघितलं, मरळीला बघितलं. म्हणाली, "उद्यापासून तलावावरच साफ करून आणत जा."

मी तिला हा सगळा धागा वाचून दाखवत होतो, तिनं दार लावून घेतलं.

कोणाकडं घट्ट झाकणाचा, पण हवा जाईल असा डबा असेल, रंगाचा वगैरे रिकामा, वीस लिटरचा, तर कळवा. राख बदल्यात देईन.

तुडूमवाला (रविवार, रात्री ११.४५)

रंगाचा नको, वास राहतो. तेलाचा पिंप आहे माझ्याकडं, झाकणाला भोकं पाडून देतो. चिठ्ठीवरच्या ओळीचं संस्थेच्या बैठकीत काढतो. छपाईवाला दर ओळीमागं पैसे घेतो, एवढंच.